आलोच आहोत तर

मुंबई बघायला निघालेल्या मराठी कुटुंबाचा एक ठरलेला रस्ता आहे. सकाळी राणीची बाग, दुपारी म्हातारीचा बूट, मग गेटवे, आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवरून चौपाटीची भेळ. या यादीत पूर्वी तारापोरवाला मत्स्यालयही असे. 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे, पण आजी-आजोबा यादी सांगायला बसले की त्याचं नाव अजून येतंच. यादीत वाईट काही नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा पायात दम असलेल्या पाहुण्याला ती पुरून उरते. बरोबर दीड ते पाच या वयातलं मूल असलं, की मात्र तीच यादी तिन्हीसांजेला रडारडीवर येऊन थांबते. दोष मुलाचा नसतो, उन्हाचाही फारसा नसतो. यादीच्या दर दोन ठिकाणांमध्ये एक वाक्य दडलेलं असतं: आता एवढ्या लांब आलोच आहोत तर तेही उरकून टाकू. माझं म्हणणं असं, की लहान मुलांबरोबरचा शहरातला दिवस निवांत जायचा असेल तर नियोजन कमी करून भागत नाही, ते उलटं करावं लागतं. काय बघायचं हे आपण तासातासाने ठरवतो. मूल कुठे झोपेल, काय खाईल, शू कुठे करेल, परतीची गाडी कोणती, हे मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून देतो. कडक राहायचं ते या दुसऱ्या गोष्टींत. बघण्याच्या बाबतीत एकच ठिकाण ठरवावं, आणि तिथेही काय बघायचं ते ठरवू नये.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी नुकत्याच चालायला लागलेल्या मुलांची मोकळ्या खेळातली हालचाल मोजली होती. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं तासाला सरासरी 2,368 पावलं चालताना आणि 17 वेळा पडताना आढळली. म्हणजे मूल चालायला कंटाळतं ही आपली तक्रार खरी नाही. ते भरपूर चालतं, फक्त आपल्याला हवं त्या दिशेने चालत नाही. त्याच संशोधकांच्या पुढच्या कामात असंही दिसलं, की एवढ्या लहान मुलांचं चालणं बरेचदा कुठल्या वस्तूपाशी किंवा माणसापाशी जाऊन संपतच नाही. मूल निघतं, मध्येच थांबतं, वळतं, बसतं. मारिया माँटेसरींनीही, पावलं मोजायची यंत्रं नसताना, नुसत्या निरीक्षणावरून सांगितलं होतं की लहान मुलाबरोबर चालायचं तर मोठ्याने आपली गती सोडली पाहिजे. अर्थात प्रयोगशाळेतल्या खोलीत हातगाड्या नसतात आणि फूटपाथवर चढवलेल्या मोटारसायकलीही नसतात. भायखळा स्थानकाच्या पूर्वेला उतरलं की राणीची बाग मोठ्यांच्या पावलांनी दहा-बारा मिनिटांवर आहे. तीन वर्षांच्या मुलाबरोबर हेच अंतर अर्ध्या तासाचं होतं. पुलाच्या जिन्याची प्रत्येक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरायची असते, कठड्याच्या गजांवरून बोट फिरवत न्यायचं असतं, केळीवाल्याच्या गाडीखाली बसलेल्या मांजराची विचारपूस करायची असते. यादी करणाऱ्याच्या हिशेबात हा वेळ धरलेलाच नसतो. तो उशीर म्हणून खात्यावर पडतो, आणि बागेचं दार दिसायच्या आतच ‘चल लवकर’ सुरू होतं.

झोपेचा हिशेब तर कुणी करतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात 11 ते 14 तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप लागते. त्यात दुपारची झोपही धरलेली आहे. याच सूचना असंही सांगतात, की या वयाच्या मुलाला बाबागाडीत किंवा पाठीवर बांधून एका वेळी तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. हे दोन आकडे शेजारी ठेवून मुंबई दर्शनाची यादी पुन्हा वाचावी. लवकरची गाडी गाठायची म्हणून मुलाला साडेसहाला उठवलेलं असतं. एक ते तीन ही त्याची झोपायची वेळ टॅक्सीत आणि रांगेत जाते. पाचच्या सुमाराला ते गेटवेच्या गर्दीत कबुतरांच्या मागे धावण्यासाठी हट्ट धरतं, तेव्हा आपण म्हणतो की आज फारच किरकिर करतंय. ते किरकिर करत नसतं, पेंगुळलेलं असतं. दिवसाचं नियोजन म्हणून एकच रेघ मारायची असेल तर ती या दोन तासांभोवती मारावी: या वेळात आपण एका जागी, सावलीत, कुठेही जायचं नाही अशा अवस्थेत असू. बाकीचा दिवस त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे बसवता येतो.

आता एकच ठिकाण म्हणजे दिवसभर तिथे करायचं काय, असं कुणालाही वाटेल. त्यासाठी राणीच्या बागेचंच उदाहरण घेतो. कागदोपत्री ते वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. एकोणिसाव्या शतकातली ही बाग पन्नास एकरांच्या आसपास पसरलेली आहे आणि तिला भिंत आहे. ही भिंत फार महत्त्वाची. गेटवेला समुद्र आहे, चौपाटीला रस्ता आहे, तिथे मुलाचा हात सोडता येत नाही. इथे सोडता येतो. आत गोरखचिंचेची झाडं आहेत, ज्यांचा बुंधा मिठीत यायला अख्खं कुटुंब लागेल. खोडालाच फुलं येणारा कैलासपती आहे. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर काळ्या दगडाचा एक हत्ती उभा आहे. घारापुरीचा तो हाच, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते इथे आणून ठेवले आणि 1914 साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ गेलं की जोड दिसतात. मोठी माणसं फलक वाचतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. मुलाला तो जोड दिसला तर तो कुठून निघतो आणि कुठे जातो हे बघायला ते हत्तीला फेऱ्या मारतं. हत्तीला लागलं होतं का, कुणी बरं केलं, हे प्रश्न विचारतं. या बागेत मूळचा काळा घोडाही आहे. राजपुत्र एडवर्डचा हा अश्वारूढ पुतळा 1879 साली बसवला आणि 1965 साली इथे हलवला. त्याच्या जुन्या चौकात 2017 पासून स्वाराविना नवा घोडा उभा आहे. एवढ्यात एका मुलाचा अर्धा दिवस जातो आणि अजून एकही प्राणी पाहिलेला नसतो.

पेंग्विनचं काय? 2016 साली सोलहून आणलेले हंबोल्ट पेंग्विन 2017 पासून लोकांना बघता येतात आणि आज बागेत येणाऱ्यांतले निम्मे तरी त्यांच्यासाठीच येत असावेत. सुट्टीच्या दिवशी तिथे रांग लागते. एखाद्या मुलाला पेंग्विनच हवे असतील तर दार उघडल्या उघडल्या, इतर काही न बघता, थेट तिथे जावं; तेवढाच त्या दिवसाचा कार्यक्रम समजावा आणि बाकी सगळं वरकमाई. पण मुलाने मागितलेलं नसताना, आपण काहीतरी चुकवतोय या धास्तीने त्याला तासभर रांगेत उभं करण्यात काही हशील नाही. तीन वर्षांच्या मुलाची उंची सरासरी 95 सेंटिमीटरच्या आसपास असते. गर्दीत त्या उंचीवरून पेंग्विन दिसत नाहीत, पुढच्या माणसाच्या पँटचा मागचा खिसा दिसतो.

यावर पहिला आक्षेप शिक्षणाचा येतो. मूल जेवढं बघेल तेवढं शिकेल, मग त्याला कमी दाखवण्यात कसला शहाणपणा? आक्षेप सद्‌भावनेचा आहे, पण बघण्याने माणूस दमतो हे मोठ्यांच्या बाबतीत शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आलं आहे. बोस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी 1916 साली ‘म्युझियम फटीग’ या नावाने लेख लिहिला. एका धडधाकट माणसाला साध्या मांडणीतल्या वस्तू नीट बघायला सांगून, त्याला किती वाकावं, वळावं आणि मान मोडावी लागते याची छायाचित्रं त्यांनी काढली. तो माणूस सुजाण होता, स्वतःच्या मर्जीने उभा होता. तरी दमत होता. मुलाला तर मर्जीही नसते आणि काचेच्या पेट्या त्याच्या डोक्याच्या वर असतात. मुलं कशातून शिकतात याबद्दल आपल्याकडे ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी जे करून दाखवलं, ते या यादीच्या अगदी उलट आहे. आधी बोर्डी आणि मग कोसबाडला काम करताना, गुरं राखायची म्हणून मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी कुरणशाळा काढली. जिथे मूल आहे तिथे शाळा गेली. दगड, पानं, बिया हीच साधनं झाली. एका आदिवासी पाड्यावरच्या कल्पनेचा शहरातल्या सहलीशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध इतकाच, की मूल ज्या गोष्टीपाशी स्वतःहून थांबलं आहे तिथेच त्याचं लक्ष आहे, आणि शिकवायचंच असेल तर ते तिथे शिकवता येतं. मुंग्यांच्या रांगेपाशी बसलेल्या मुलाला उचलून वाघाकडे नेलं, तर त्याच्या मुंग्याही जातात आणि वाघही हाती लागत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि अंतराचा, आणि तो जास्त प्रामाणिक आहे. दादर-माटुंग्याला राहणाऱ्याने एकच ठिकाण करावं. डोंबिवली, विरार, बदलापूरहून येणाऱ्याने काय करावं? डोंबिवलीहून भायखळ्याला जलद गाडीनेही तासभर लागतो. असा दिवस वर्षातून एक-दोनदाच निघतो. पैसे वसूल व्हायला नकोत का? पण हिशेब मांडला तर अंतर एका ठिकाणाच्याच बाजूने बोलतं. जाऊन-येऊन दोन-अडीच तास प्रवासात जाणार, दुपारचे दोन तास झोपेला आणि जेवणाला जाणार. लहान मुलाच्या जाग्या दिवसातून मग चार-पाच तास उरतात. त्यात चार ठिकाणं कोंबली तर प्रत्येकाच्या वाट्याला तास येतो, आणि त्यातला अर्धा टॅक्सी शोधण्यात जातो. खर्चही तिकिटांवर होत नाही, तो ठिकाणं बदलण्यावर होतो: टॅक्सी, बाटलीबंद पाणी, रडं थांबावं म्हणून घेतलेला फुगा, आणि कंटाळलेल्या सगळ्यांसाठी कुठल्याशा हॉटेलातलं महागडं जेवण. उलट, लांबून येणाऱ्याला एक गोष्ट आपसूक मिळते ती म्हणजे लोकल. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि त्या वयात खिडकीशेजारचा तास हा प्रवास नसतोच, तोच मुख्य कार्यक्रम असतो. खाडी, पूल, शेजारच्या रुळावरून पुढे जाणारी दुसरी गाडी, बोगदा. फक्त रविवारी मेगाब्लॉकचं वेळापत्रक आधी बघावं. मध्य रेल्वेवर तो साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या आसपास असतो, म्हणजे अकराच्या आत पोचलेलं आणि चारनंतर निघालेलं बरं. बाग बुधवारी बंद असते. मी कडक नियोजन म्हणतो ते हे. यातली एक गोष्ट चुकली तर दिवस बिघडतो. वाघ बघायचा राहिला तर काही बिघडत नाही.

तिसरा आक्षेप मॉलचा, आणि त्याला मी हसण्यावारी नेणार नाही. अनेक शहाणे आईबाप लहान मुलांना घेऊन सरळ मॉलमध्ये जातात. त्यांना निसर्गाची किंवा इतिहासाची चाड नाही असं म्हणणं सोपं आहे, पण खरं कारण साधं आहे: तिथे स्वच्छ संडास असतो, आणि तो कुठे आहे हे माहीत असतं. बाळाचं लंगोट बदलायला जागा असते, पिण्याचं पाणी असतं, जून-जुलैत पाऊस लागत नाही आणि एप्रिलच्या दुपारी ऊन लागत नाही. शहराच्या मोकळ्या जागा मुलांसाठी आहेत असं आपण म्हणतो आणि तिथे मुलाला शू करायची जागा विचारत फिरावं लागतं. मग लोक जिथे ती आहे तिथे जाणार. यात मॉलचा विजय कमी आणि महापालिकांचा पराभव जास्त आहे. ऐन पावसाळ्यात, किंवा बाळ सहा-आठ महिन्यांचं असेल तर, मॉलचा दिवस हा चांगला दिवस आहे, त्याबद्दल कुणी नाक मुरडू नये. इतर दिवसांसाठी मॉलकडून एक गोष्ट शिकावी. ठिकाणी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे स्वच्छतागृह शोधणं, ते आतून बघणं, आणि त्याच्यापासून फार लांब नसलेली सावलीची जागा बैठकीसाठी धरणं. हत्ती नंतर. मुलाला लागली की लागलीच असते, तेव्हा चौकशी करायला वेळ नसतो.

घरातली वडीलधारी मंडळी एक वेगळाच मुद्दा काढतात. म्हणजे आता मुलांच्या तालावर नाचायचं का? आम्हाला कुणी विचारलं होतं, कुठे थांबायचं म्हणून? हा प्रश्न रास्त आहे, कारण मोकळीक आणि मोकाट यातली रेघ रोज ओढावी लागते. पण वर सांगितलेल्या रचनेत मुलाच्या हाती फार काही दिलेलंच नाही. कुठे जायचं, कधी निघायचं, कधी जेवायचं, कुठे बसायचं, कधी परत फिरायचं, हे सगळं मोठ्यांनी ठरवलेलं आहे आणि त्यात तडजोड नाही. मुलाला दिली आहे ती फक्त भिंतीच्या आतली गती. गंमत अशी, की ही गती आजीच्या गुडघ्यांना मानवते. पुढे जायची घाई असलेल्या आई-वडिलांना जे बाक दिसत नाहीत ते आजीला आणि नातवाला दिसतात. खरी अडचण होते ती दोन वयांची मुलं असली की. सात वर्षांच्या ताईला पेंग्विन हवेत आणि दोन वर्षांच्या भावाला कावळा पुरतो. इथे सगळ्यांनी सगळीकडे एकत्र जाण्याचा आग्रह सोडावा. एकाने ताईला घेऊन रांगेत उभं राहावं, दुसऱ्याने कावळ्यापाशी थांबावं, आणि जेवायला भेटावं. ताईला दिवसातली एक गोष्ट पूर्णपणे तिच्या मनाची मिळाली, की बाकीच्या वेळी ती भावाला बरीच सवलत देते. नेहमी देईलच असं नाही. दोघांत भांडण होणार नाही असा दिवस कुणीच आखू शकत नाही.

राहता राहिला निवांतपणा. पण तो कुणाचा, हे आधी विचारायला हवं. ज्या दिवसाला घरात सगळे मजेचा दिवस म्हणतात त्याची तयारी आदल्या रात्री एकच व्यक्ती करत असते. पोळ्यांचे रोल गुंडाळणं, दूध उकळून गार करणं, कपड्यांचे जादा जोड, पुसायचं फडकं, तापाचं औषध, टोपी, मुलाचं आवडतं मळकं पांघरूण, हे सगळं आईच्या डोक्यात असतं आणि सकाळी तिच्याच खांद्यावर येतं. बाबांकडे तिकिटं आणि मोबाइल. चार ठिकाणं असली की पिशवी चौपट जड होत नाही हे खरं, पण चिंता होते: दर ठिकाणी नव्याने पाणी, नव्याने संडास, नव्याने बसायची जागा, आणि प्रत्येक वेळी सामान गोळा करून काही राहिलं तर नाही ना याची मोजदाद. एका ठिकाणी ही मोजदाद दोनदाच होते, बसताना आणि उठताना. शिवाय कामं वाटताही येतात, कारण ती आधीच ठाऊक असतात. एकाने खाणंपिणं आणि झोप बघावी, दुसऱ्याने वेळापत्रक आणि स्वच्छतागृह. आजोबांनी हत्तीची गोष्ट सांगावी, नाहीतरी ते सांगणारच असतात. बागेत डबा कुठे उघडायला चालतो ते दारावरच विचारून घ्यावं. दोन बाटल्या पाणी, एक डबा, कपड्यांचा एक जोड आणि सावलीत अंथरायला जुनी चादर, एवढ्यात दिवस भागतो. आणि एवढीच पिशवी असेल तर ती बाबांनी उचलायला हरकत नसावी.